भेव कुठी लागलं?

चाचांच्या शेडमध्ये गाडी दुरुस्तीला घेऊन गेलं की ते आधी गाडीकडे बघत नसत, माणसाकडे बघत. काय बिघडलंय असं विचारायची त्यांची पद्धत नव्हती. हातातलं फडकं खांद्यावर टाकायचे, चार पावलं लांब उभे राहायचे आणि विचारायचे, "भेव कुठी लागलं?"

नवख्या माणसाला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. ट्रकवाले तर हसतच. कुणी म्हणे भेव कशाचं, क्लच घसरून राह्यला. चाचा मान हलवत आणि पुन्हा तेच विचारत. क्लच घसरला हे त्यांना नको असे. तो घसरला तेव्हा ड्रायव्हरच्या पोटात गोळा कुठे आला, पुलावर की चढावर, मागून कोण येत होतं, एवढं कळल्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नसत. सोनाळ्याचा एक संत्री वाहणारा टेम्पोवाला तीन मेकॅनिक करून त्यांच्याकडे आला होता. बराच वेळ आढेवेढे घेऊन तो म्हणाला की डावीकडे वळताना नाही, वळण संपून गाडी सरळ होताना जरा कसंतरी होतं. चाचांनी लगेच चाक उतरवलं. आतल्या लोखंडाला केसाएवढी चीर गेलेली होती. टेम्पोवाला त्या चिरेकडे बघत खालीच बसला.

मला त्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा मी खोटं बोललो. त्याला सहा वर्षं झाली. चाचा कसे होते ते सांगायला मला आवडतं, चारचौघांत मी त्यांच्या गोष्टी पुष्कळदा सांगितल्या आहेत, पण हा भाग गाळून. आज गाळणार नाही.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याच्या दिशेनं निघालं की उजव्या हाताला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. घाट उतरून आलेल्या गाड्या तिथे ब्रेक गार करायला थांबत, त्यामुळे धंद्याला जागा उत्तम. चाचांनी मात्र ती धंद्यासाठी निवडली नव्हती. त्यांचं म्हणणं असं की घाटाच्या वर राहिलं तर खाली यावं लागतं, खाली राहिलं तर वर जायचं टाळता येतं.

त्या माणसाला कशाकशाची भीती वाटे याची यादी करायला बसलो तर माझ्या औषधाच्या दुकानाच्या स्टॉकबुकाएवढी होईल. शेडच्या चारही कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या भरलेल्या असत. उभ्या गाडीच्या प्रत्येक चाकाला पुढून एक आणि मागून एक असे चुना लावलेले आठ दगड, जमीन अगदी सपाट असली तरी. अंगात बिनबटणाची बंडी, कारण बटण इंजिनात पडू शकतं. इंजिन चालू असताना कुणाचा फोन वाजला तर ते आधी इंजिन बंद करायला लावत. उकळता चहा घ्यायला घाबरत, बशीत ओतून तो पार निवेपर्यंत वाट बघत. एसटीनं कुठे जायचं झालं तर दाराजवळच्या सीटवर बसत आणि वळण आलं की उठून उभे राहत. समोरचा चहावाला त्यांना तोंडावर भेकड चाचा म्हणे. त्यावर चाचा नुसते होकाराचं "हाव" म्हणून निवलेला चहा पीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुरुस्तीला आलेल्या गाडीत ते कधी बसत नसत. किल्ली फिरवायची असली तर मालकाला बसवत. पाय खाली सपाट ठेवायचे, कुठल्याही पेडलला लावायचे नाहीत, अशी ताकीद देत, आणि स्वतः बाहेर उभे राहून ऐकत. बिघडलेल्या गाडीच्या पोटात शिरू नये असं त्यांचं तत्त्व होतं. ते मला तेव्हा फार मजेशीर वाटलं होतं.

इतकं भिण्याचं कारण काय, यावर गावात चार-पाच कथा होत्या. कुणी अपघात सांगे, कुणी स्फोट, कुणी मेलेला भाऊ. मी एकदा सरळच विचारलं. ते म्हणाले, "कारण असन तरच भेवाचं काय? कारण झाल्यावर भेऊन काय फायदा, भाऊ?" एवढं बोलून ते स्पार्क प्लग पुसायला लागले. मी हसलो.

आता गाडीचं सांगतो. ती माझ्या थोरल्या भावाची. तो मुंबईत नोकरीला होता, तिथे कुणा पारशी गृहस्थाकडून त्यानं ती घेतली. विलायती, लाल, दोनच सीटची, वर कापडी टप, तारांची चाकं. इतकी बुटकी की आत बसल्यावर हात बाहेर काढला तर रस्ता लागेल. आमच्या गल्लीत तिचं नाव बसकी पडलं. भाऊ निवृत्त होऊन बुलढाण्याला आला तो या गाडीतून, आणि रोज संध्याकाळी माझ्या लेकीला शेजारी बसवून फिरवून आणू लागला. त्याला मूलबाळ नव्हतं. तुझी बिदाई याच गाडीतून करीन, असं तो तिला तिच्या सातव्या वर्षापासून सांगत आला होता. लग्न ठरायच्या आधीच्या वर्षी तो गेला. गाडी माझ्याकडे आली आणि त्याचा शब्दही माझ्याकडे आला.

लेकीचं लग्न ठरलं नांदुऱ्याच्या मुलाशी. लग्न बुलढाण्यात, पाठवणी नांदुऱ्याला, म्हणजे घाट उतरून. दोनच सीट, त्यामुळे नवरानवरी दोघंच जाणार, गाडी जावई चालवणार. महिनाभर आधी मी गाडी बाहेर काढली तर तिचा स्लो बिघडलेला. पाय न देता उभ्या गाडीचं इंजिन जे हळूहळू चालत राहतं त्याला मेकॅनिक लोक स्लो म्हणतात. आमच्या बसकीचा स्लो कधी वर जाई, कधी खाली येई, मधेच धाप लागल्यागत होई, आणि चौकात थांबलं की ती दोन आचके देऊन बंद पडे. नवरीची गाडी चौकाचौकात बंद पडून कशी चालेल? बुलढाण्यातल्या दोघांनी कार्ब्युरेटर साफ केला. फरक पडला नाही. मग सगळ्यांनी चाचांचं नाव सांगितलं आणि मी गाडी घेऊन एकटा घाट उतरलो.

तिसऱ्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. मी ब्रेक दाबला. त्याआधीच्या दोन वळणांवर तो बरा लागला होता. या वेळी पेडल दगडावर पाय ठेवावा तसं घट्ट लागलं. गाडी थांबेना. मी सगळं वजन त्या पायावर टाकलं आणि ती कशीबशी हळू झाली, ट्रॉलीतले ऊस टपाला घासत गेले. माझ्या मानेवरून घाम खाली उतरला. मग सरळ रस्ता लागला, पुढचा ब्रेक ठीक लागला, आणि मी स्वतःला सांगितलं की जुनी गाडी आहे, सवय नाही, आपणच घाबरलो. खाली पोहोचेपर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो, निदान तसं ठरवलं होतं.

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, भेव कुठी लागलं. मी म्हणालो, भीतीबिती काही नाही, स्लो राहत नाही तेवढं बघा. त्यांनी विचारलं, घाटात? मी म्हणालो, घाटात काय, मस्त उतरली. समोर तो चहावाला उभा होता, दोन ट्रकवाले उभे होते, आणि मी बुलढाण्यातला बऱ्यापैकी ओळखीचा माणूस. लाल गाडीतून उतरून आपण भ्यालो असं मी तिथे सांगणार होतो थोडाच.

त्यानंतर आठ दिवस गाडी त्यांच्याकडे होती. मी दुकान नोकरावर सोपवून रोज एसटीनं खाली जायचो, कारण आत बसून किल्ली फिरवायला मीच लागायचो. चाचा लांबट स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनभर ऐकत फिरायचे. त्यांचा संशय असा होता की गाडी कुठून तरी फालतू हवा ओढते आहे. पेट्रोलात नको तिथून हवा मिसळली की इंजिनाचा श्वास चुकतो. आता ही हवा दिसत नाही. दुसरे मेकॅनिक सांध्यांवर पेट्रोल शिंपडून बघतात, कुणी उदबत्तीचा धूर सोडतात. चाचांना दोन्हीचं नाव काढलं तरी कापरं भरे. त्यांची रीत वेगळी होती. त्या रस्त्यानं हंगामात कापसाच्या गाड्या मलकापूर-नांदुऱ्याच्या जिनिंगला जातात आणि कडेच्या बाभळींना कापूस अडकून राहतो. त्यातला बोटभर पुंजका काढून आणायचा, तो दोन बोटांत धरून त्याचा एक तंतू लांब काढायचा, पंख्याचा पट्टा उतरवून वारा बंद करायचा, आणि इंजिन दोन मिनिटंच चालवून तो तंतू एकेका सांध्याजवळ न्यायचा. जिथे हवा ओढली जाते तिथे तंतू आपोआप वळून चिकटतो. त्या दोन मिनिटांत शेडमध्ये कुणी शिंकलेलं चालत नसे.

तंतू कुठेच वळला नाही. चाचा रोज एक सांधा उघडत, नवं पॅकिंग बसवत, पुन्हा कापूस धरत. आणि रोज, जाताना, मला तेच विचारत. घाटात काही झालं होतं का, भाऊ. मी रोज नाही म्हणायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी मी जरा चिडून नाही म्हणालो. त्यांनी नजर खाली नेली आणि माझ्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, बिचारे ओशाळले.

लग्नाला चार दिवस उरले. घरात मांडव पडलेला, पत्नी विचारते गाडी कुठे आहे, लेक विचारते गाडी कुठे आहे. शुक्रवारी दुपारी मी खाली गेलो तर चाचा नमाजाला मोताळ्याला गेलेले. शेड उघडं, गाडी उभी, किल्ली खिळ्याला टांगलेली. कार्ब्युरेटरवर स्लो वाढवायचा स्क्रू असतो हे मला भावामुळे ठाऊक होतं. मी इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडलं आणि तो स्क्रू अर्धा आटा आत फिरवला. बसकी एकदम तालावर आली. आचके नाहीत, धाप नाही. आठ दिवस हा म्हातारा कापूस धरून उभा होता आणि मी अर्ध्या मिनिटात काम केलं, असं मला झालं. खरं सांगतो, मला फार आनंद झाला.

तेवढ्यात चाचा आले. रस्त्यापलीकडूनच त्यांनी आवाज ऐकला असावा, कारण ते मधेच थबकले. जवळ येऊन त्यांनी स्क्रू बघितला.

"तुमी तिचं तोंड दाबलं, भाऊ," ते म्हणाले. "काईतरी सांगून राह्यली होती."

मी म्हणालो, सांगेल लग्नानंतर. त्यांनी किल्ली मागितली, मी दिली नाही. त्यांनी हात जोडले तेव्हा मला लाजही वाटली आणि रागही आला. मग ते बाजूला झाले, पण चाकांचे दगड त्यांनी काढले नाहीत. आठही दगड मी एकेक करून काढले, हाताला चुना लागला, आणि गाडी घेऊन घाट चढलो. चढताना तिनं काही त्रास दिला नाही. चढाला इंजिन लागतं, ब्रेक लागत नाही.

लग्नाला चाचा आले. मी निमंत्रण दिलं होतं खरं, पण ते घाट चढून येतील असं वाटलं नव्हतं. पांढरा शर्ट, त्याला बटणं, गळ्यापर्यंत लावलेली. कोपऱ्यात बसून जेवले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग बराच वेळ मला दिसले नाहीत. चार वाजता पाठवणी. बसकी झेंडूच्या माळांनी मढवून मंगल कार्यालयापुढे उभी, शूटिंगवाला पुढे, दोन्हीकडचे पाहुणे गोल करून. जावयांनी किल्ली फिरवली. गाडी घुरघुरली आणि सुरू झाली नाही. पुन्हा फिरवली. दहा वेळा, वीस वेळा. बॅटरी उतरत चालल्याचा आवाज सगळ्यांना कळत होता. विहीणबाई शेजारणीला काहीतरी म्हणाल्या आणि शेजारणीनं माझ्याकडे बघितलं. शेवटी व्याह्यांची मोठी गाडी पुढे आणली. लेक बसकीतून उतरून तिच्यात बसली. काच वर जाईपर्यंत ती लाल गाडीकडे बघत होती, काकाची आठवण काढून रडत होती की माझ्यावर रुसून, ते मला कळलं नाही.

गाड्या निघून गेल्या आणि मला गर्दीत चाचा दिसले. मी जे बोललो ते लिहायला जड जातं. दोनशे माणसांपुढे मी म्हणालो की या भेकडाच्या हाती गाडी दिली हीच माझी चूक, आठ दिवस ठेवून यानं ती नासवली, माझ्या लेकीचा दिवस नासवला. चाचा उजवा हात खिशात घालून उभे होते. ऐकून घेतलं सगळं. मग एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले, आणि मला आठवतं, रस्ता ओलांडताना ते दोनदा मागे फिरून पुन्हा कडेला उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर एक तपकिरी तुकडा ठेवला. बाटलीच्या बुचाएवढा. मी तो ओळखला. तो रोटर होता. इंजिनाची ठिणगी वाटून देणारा हा तुकडा काढून घेतला की गाडी काही केल्या सुरू होत नाही. मी दुकानात गिऱ्हाईक असताना ओरडलो. तुम्ही चोरलात, म्हणालो. ते हाव म्हणाले. मग मी विचारलं, असं काय सापडलं होतं तुम्हाला त्या गाडीत.

"काईच नाई सापडलं," ते म्हणाले. "सापडलं असतं तर तुमाले सांगितलं असतं. चोरलं काऊन असतं?"

गिऱ्हाईक निघून गेलं. चाचा काउंटरला धरून उभे होते.

"घाटाचं इचारलं का तुमचं तोंड नाई म्हणे," ते म्हणाले, "अन् उजवा पाय जमीन दाबे. रोज. आठ दिवस मी गाडीत धुंडून राह्यलो, अन् ते तुमच्या पायात होतं."

मी खाली बघितलं. आत्ताही पाय दाबलेलाच होता. काउंटरमागे, चपलेच्या आत, अंगठा वळवून, जोर लावून. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आम्ही घरी गेलो.

रोटर बसवला, गाडी सुरू केली. मग चाचांनी जे केलं ते त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटणार नाही. त्यांनी दार उघडलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी ब्रेकचं पेडल दाबलं. इंजिनाचा आवाज खाली बसला. सोडलं, आवाज वर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा बसला. बुलढाण्यात काय आणि शेडमध्ये काय, चालू इंजिनावर ब्रेक दाबून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. चाचांनी खिशातून कापूस काढला, सीटवर आडवे होऊन डोकं पेडलांपाशी नेलं, एका हातानं ब्रेक दाबला आणि दुसऱ्यानं तंतू धरला. ब्रेकच्या दांड्याजवळ तो सरळ झाला, वळला आणि दांडा जिथून आत जातो त्या भोकाला जाऊन चिकटला.

ब्रेकला जोर देणारा जो डबा असतो, बूस्टर म्हणतात त्याला, त्याच्या आतला रबरी पडदा फाटला होता. हा बूस्टर इंजिनाच्याच ओढीवर चालतो. पडदा फाटला की इंजिन तिथून फालतू हवा पितं आणि स्लो बिघडतो. आणि ब्रेक एखाद-दोन वेळा लागतो, मग लागत नाही. स्लो बिघडला हाच काय तो गाडीनं दिलेला इशारा होता, आणि तो मी स्क्रूनं बंद केला होता.

"मी पयल्याच दिवशी गाडीत बसलो असतो तर तवाच सापडलं असतं," चाचा उठून बसत म्हणाले. "माझं भेवबी आडवं आलं."

तरीही मी म्हणालो की एवढ्याशा भोकानं असं काय होणार. माझा स्वभावच तसा आहे. चाचा म्हणाले, चला मग, पण मीही बसतो. गावाबाहेर प्लॉट पाडलेलं मोकळं रान होतं, तिथे नेली. ते शेजारी डोळे मिटून बसले, एक हात हँडब्रेकवर. मी थोडा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. लागला. पुन्हा दाबला, जरा जड गेला. तिसऱ्या वेळी पायाखाली दगड आला. समोर मुरुमाचा ढीग होता आणि तो मोठा होत चालला. मी दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिलो. चाचांनी डोळे न उघडता हँडब्रेक ओढला. गाडी तिरपी होत गेली आणि मुरुमाला नाक लावून थांबली.

मी मनातल्या मनात घाटाची वळणं मोजत होतो. पहिल्याला लागला असता. दुसऱ्यालाही कदाचित. जावयाला घाटाची सवय नाही, गाडीची सवय नाही, शेजारी माझी लेक शालू सावरत बसलेली, केसांत गजरा, मागे वऱ्हाडाच्या गाड्या, आणि तिसरं वळण. मला तिचा हात दिसला, डॅशबोर्डवर टेकलेला, बांगड्यांसकट. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला आयुष्यात कुणाच्या हाताचा एवढा आधार वाटलेला नाही.

अकोल्याहून नवा पडदा आणून त्यांनी बूस्टर दुरुस्त केला आणि माझा अर्धा आटा मागे फिरवला. गाडी अशी चालायला लागली की उभी असताना बाहेरच्या माणसाला कळत नसे ती सुरू आहे. गोष्ट इथे नीट संपायला हवी होती. पण दोनशे माणसांपुढे मी जे बोललो होतो ते नांदुऱ्यापर्यंत गेलं होतं. लग्नात गाडी बंद पाडणारा मिस्त्री, असं चाचांचं नाव पडलं. ते खोटं आहे हे सांगायचं तर स्क्रूचं सांगावं लागलं असतं, आणि स्क्रूचं सांगायचं तर ट्रॉलीचं. मला तिसऱ्या वळणावर कळलं होतं, आणि तरी मी त्याच गाडीत लेकीला बसवणार होतो, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आज सांगू, सणाला सांगू, बाळंतपणाला घरी येईल तेव्हा सांगू, असं करत राहिलो. शेडवरच्या गाड्या कमी झाल्या. एकदा मी चाचांना म्हणालो की मी लोकांना खरं सांगतो. ते निवलेला चहा पीत होते. म्हणाले, राहू द्या, घाईवाले येणं बंद झाले ते बरंच झालं. त्यांनी मला मोकळं केलं आणि मी झालोही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी खाटेवर पडले होते ते उठले नाहीत. इतक्या गोष्टींना भिणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट न भिता करता आली, याचं मला समाधान वाटतं. मातीला मी गेलो होतो. समोरचा चहावाला मला म्हणाला, तुमच्या लेकीच्या लग्नात गाडी बंद पाडली होती नं यांनी. त्याच्या तोंडावरही मी काही बोललो नाही. येताना शेडमधून चुना लावलेले दोन दगड तेवढे उचलून आणले.

परवा लेकीचा फोन आला. ती आता गाडी शिकली आहे. उद्या रविवारी येते आहे, येताना चार वर्षांच्या नातीलाही आणते आहे, आणि बसकीतून दोघी घाट उतरून नांदुऱ्याला जाणार आहेत. काकाचा शब्द राहिला होता तो मीच पुरा करते, म्हणाली. मग हसून म्हणाली, "बाबा, या वेळी तरी सुरू होईल ना? तुमच्या त्या भेकड मिस्त्रीनं हात नाही ना लावला?"

मी नाही म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर बघितलं तर उजवा पाय फरशी दाबत होता.

आज सकाळी मी गाडी सुरू केली. स्लो एकसारखा. ब्रेक दहा वेळा दाबला, आवाज जराही हलला नाही. बाभळीचा कापूस आणला होता, तो पेडलापाशी धरला, तंतू लोंबत राहिला. गाडीत काही दोष नाही. मग मी इंजिन बंद केलं, चाकांना ते दोन दगड लावले, बॉनेट उघडलं आणि रोटर काढून घेतला.

तो आता माझ्या खिशात आहे. उद्या ती किल्ली फिरवेल, गाडी सुरू होणार नाही, आणि ती माझ्याकडे बघेल. तेव्हा मला भेव कुठी लागलं होतं ते मी तिला सांगणार आहे. तिसऱ्या वळणापासून सुरुवात करून, स्क्रूपर्यंत, आणि मी चाचांना काय म्हणालो तिथपर्यंत. ते सगळं सांगून होईपर्यंत मी रोटर देणार नाही.